साडेसात फुटी तीन-वेट रॉडला रीळ कुठलं घ्यावं? क्लिकर की डिस्क?

कोरडा_पाय | ९ मार्च, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला राहतो. चार वर्षं फ्लाय-फिशिंग करतोय, तेही एकाच नऊ फुटी पाच-वेट रॉडवर. गेल्या महिन्यात ऑफिसातले एक गृहस्थ निवृत्त झाले. घर आवरताना त्यांनी त्यांचा साडेसात फुटी तीन-वेट रॉड मला देऊन टाकला. ग्रॅफाइटचा, दोन तुकड्यांचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर ७१ ग्रॅम! रीळ मात्र त्यांनी नातवासाठी ठेवून घेतलं.

घरी आल्याआल्या उत्साहाने माझं पाच-वेटचं रीळ त्याला लावलं. ते रीळ लाईनसकट दोनशे ग्रॅमच्या घरात. लाटण्याला पाटा बांधून पोळ्या लाटायला बसल्यासारखं वाटलं. काढून ठेवलं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. साध्या गळाला शिसं लावतो आणि ते शिसं दोरी ओढत नेतं. इथे उलटं असतं. फ्लाय म्हणजे पिसं-दोरा गुंडाळलेला गळ, त्याला वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे फेकायची असते ती लाईन. म्हणून रॉडचे नंबर लाईनच्या वजनावरून पडतात. तीन-वेट म्हणजे लाईनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन १०० ग्रेन, साडेसहा ग्रॅमच्या आसपास. पाच रुपयांच्या एका नाण्याएवढं, थोडंफार इकडेतिकडे. पाच-वेटचं तेच १४० ग्रेन.

हा रॉड वापरायचाय दोन ठिकाणी. एक, घराजवळची स्प्रिंग क्रीक. चुनखडीतून फुटणाऱ्या झऱ्यांचं पाणी, ऐन उन्हाळ्यातही थंड, आणि त्यात जंगली ब्राउन ट्राउट. दोन, रॉथरॉकच्या जंगलातले ओढे. उडी मारून ओलांडावेत एवढे, वर रोडोडेंड्रॉनची जाळी, आणि आत वीतभर ब्रुक ट्राउट.

रीळ घ्यायला निघालो आणि डोकं भंजाळलं. क्लिकर, डिस्क, सीलबंद, लार्ज आर्बर, फुल फ्रेम! हातात दीडशे डॉलर आहेत आणि त्यात लाईनही बसवायची आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

---

नानू_चिकित्सक | ९ मार्च, रात्री १०.४०

वीतभर माशासाठी दीडशे डॉलर? तेवढ्या पैशात किती किलो पापलेट येईल, हिशोब केलात का? की हे मासे चवीला काही खास असतात?

---

कोरडा_पाय | ९ मार्च, रात्री १०.५५

नानू, चव ठाऊक नाही. स्प्रिंग क्रीकमधला मासा ठेवताच येत नाही. पूर्वी तिथे कारखान्यातली रसायनं उतरली होती, म्हणून १९८२ पासून मासा पकडला की सोडायचा, हा नियम आहे. आता हिशोब करा, दर किलोला किती पडले!

---

नानू_चिकित्सक | ९ मार्च, रात्री १०.५८

शून्याने भाग जात नाही असं शाळेत शिकलोय. बसतो गुपचूप. वाचतोय.

---

बेथलेहेमचे_आबा | १० मार्च, सकाळी ६.२०

कोरडा पाय, सकाळच्या चहाबरोबर तुमचा धागा वाचला. मी तुमच्याच राज्यात, पूर्वेला. पस्तीस वर्षं धातूंच्या कामात गेली, आता ओढ्याकाठी जातात. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी एक सांगा, गेल्या वर्षी रिळावर खेळवून किती मासे काढलेत? नऊ-दहा इंची मासा लागला की आपण काय करतो? उजव्या हाताच्या तर्जनीखाली लाईन दाबतो, डाव्या हाताने ओढतो, मासा जाळीत येतो. रीळ तेव्हा बिचारं खाली लटकत असतं. तीन-वेटवर शंभरातल्या नव्वद माशांना तुमच्याकडे रीळ आहे की नाही हे कळणारसुद्धा नाही. उरलेल्या दहांसाठी काय लागतं एवढाच प्रश्न.

क्लिकरमध्ये काय असतं? स्पूलच्या, म्हणजे लाईन गुंडाळायच्या चाकाच्या, पाठीला बारीक दात्यांचं चाक. चौकटीत एक तिकोनी पोलादी खिट्टी, तिच्यामागे स्प्रिंग. स्पूल फिरलं की खिट्टी एकेका दात्यावरून उडी मारते. किर्रर्र आवाज येतो तो तिचाच. झालं यंत्र. तिचं खरं काम मासा थोपवण्याचं नाहीच. तुम्ही झटक्याने लाईन ओढलीत तर स्पूल आपल्याच वेगात फिरत राहू नये आणि लाईनचं घरटं होऊ नये, एवढ्यासाठी ती आहे. मासा थोपवायला तळहात आहे. स्पूलची कड बाहेरून उघडी असेल तर तिच्यावर तळहात टेकवायचा, जास्त पळाला तर जास्त दाबायचा. असं रीळ घ्या ज्याची कड उघडी आहे. माझ्या यादीत हे पहिलं.

दुसरं टिपेटचं, म्हणजे फ्लायला बांधतो त्या शेवटच्या बारीक धाग्याचं. ओढ्यात तुम्ही सहा-एक्स लावणार. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की जाडी मिळते, म्हणजे पाच हजारांश इंच. साधारण साडेतीन पौंडाला तुटतं. असल्या धाग्यावर मासा तुटतो तो पहिल्या झटक्याला. रीळ हलायला जो क्षण घेतं, त्या क्षणात. डिस्क म्हणजे चकत्यांच्या घर्षणाने स्पूल थोपवणारा ब्रेक. स्वस्त डिस्कमध्ये या चकत्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. स्थिर असताना घर्षण जास्त, हलल्यावर कमी, हे भौतिकशास्त्र सगळ्यांनाच लागू. एकदा फिरायला लागलं की लोण्यासारखं, पण सुटतानाच आचका देतं. क्लिकरमध्ये चिकटण्यासारखं काही नाहीच. म्हणून बारीक धाग्याला क्लिकर सोयीची.

तुमच्या गावातच जॉर्ज हार्वींनी पेन स्टेट विद्यापीठात फ्लाय-फिशिंगचे वर्ग सुरू केले, पुढे जो हम्फ्रीज यांनी ते चालवले. तुमच्या शेजारीपाजारी त्यांचे विद्यार्थी सापडतील. त्यांना विचारा, रिळाबद्दल कितीसं बोलतात ते. मला जे भेटले ते फ्लाय पाण्यात कशी वाहते याच्यावर तासभर बोलले आणि रिळाचं नावही काढलं नाही.

माझा सल्ला: जुनी क्लिकर, वापरलेली, साठ-सत्तरला. उरलेले सगळे पैसे लाईनवर. लाईन हातात असते, रीळ नसतं.

---

तीर्थनकर | १० मार्च, दुपारी १.०५

आबा, आदर आहेच, पण शंभरातले नव्वद म्हणून उरलेले दहा सोडून द्यायचे का? लक्षात राहतात तेच दहा.

मी पुण्याचा. दरवर्षी एप्रिल नाहीतर ऑक्टोबरात हिमाचलात तीर्थनला जातो. (१ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउट बंद असतो, परवाना मत्स्यविभागाकडून.) तीन आणि चार-वेट दोन्ही नेतो. तिथला ब्राउन ट्राउट इंग्रजांनी सोडलेल्यांचा वंशज, बहुतेक पाव-अर्धा किलोचा. पण एप्रिलमध्ये वरचं बर्फ वितळायला लागतं. तेव्हा किलोभराचा एखादा लागला आणि धबधब्यासारख्या पाण्यात खाली सुटला की तळहात टेकवायला सवडच मिळत नाही, कारण एका हातात रॉड आणि दुसऱ्या हाताने तुम्ही दगडाला धरलेलं असतं! बर्फाच्या पाण्याने बोटं बधिर झालेली असतात ते वेगळंच. असा एक मासा मी माझ्या क्लिकरवर घालवला. किर्र-किर्र-किर्र करत सगळी लाईन गेली, मग बॅकिंग (लाईनच्या मागे बांधलेला बारीक दोरा) दिसलं, मग टप्. त्यानंतर डिस्क घेतली.

लहानपणी संक्रांतीला आसारी धरायला मला उभं करायचे. ज्याच्या हातात आसारी चांगली त्याचाच पतंग टिकतो. ढील सारखी मिळाली पाहिजे, मध्येच अडकली की गेला. चांगली डिस्क म्हणजे तशीच मुरलेली आसारी.

---

बेथलेहेमचे_आबा | १० मार्च, दुपारी ४.३०

तीर्थनकर, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! आसारीला ब्रेक कुठे असतो? धरणाऱ्याची बोटंच ब्रेक.

पण तुमच्या पाण्याबद्दलचं म्हणणं मान्य. दगडाला धरून उभं राहायचं असेल तर डिस्क घ्या. स्प्रिंग क्रीकला मी गवतात उभा असतो.

---

मनवा_फोर्ट_कॉलिन्स | १० मार्च, रात्री ९.१८

मी कोलोरॅडोतल्या पूड्र नदीच्या काठची. दोघांचं भांडण गोड चाललंय, पण दोघांनीही कोरडा पाय यांना एक विचारलं नाही, ते मी विचारते. रॉड साडेसात फुटीच आहे ना? कारण "तीन-वेट" एवढ्यावरून रीळ ठरत नाही.

माझ्याकडे दोन तीन-वेट आहेत. एक सात फुटी, ओढ्यांसाठी. दुसरा दहा फुटी, निम्फ (बुडणारी फ्लाय) पाण्यातून सरकवत नेण्यासाठी. दहा फुटीला मी मुद्दाम जड रीळ लावते, १६० ग्रॅमचं. लांब रॉड दिवसभर आडवा उचलून धरायचा असतो. टोक खाली ओढायला लागलं की मनगटाची वाट लागते. मागे वजन असलं की तराजू सावरतो. सात फुटीला तेच रीळ लावलं तर नुसतं ओझं. टोकाला वजनच नाही, मग सावरायचं काय?

दुकानात जाऊन हे करून पाहा: रॉड जोडा, रीळ लावा, लाईन कड्यांतून ओवून टोकाबाहेर दहा-बारा फूट काढा. मग कॉर्कच्या मुठीच्या पुढच्या टोकाखाली एक बोट ठेवा. रॉड आडवा राहिला किंवा किंचित मागे झुकला तर उत्तम. तुमच्या ७१ ग्रॅमच्या रॉडला माझ्या अंदाजाने लाईन धरून १००-१२० ग्रॅमचं रीळ बसेल. लाईन न भरता, कोरडं रीळ लावून तोल पाहणारे खूप भेटतात. त्याला अर्थ नाही.

आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते: फट. स्पूल आणि चौकट यांच्यामधली. तीन-वेटची लाईन बारीक, तिच्या पुढचा लीडर, म्हणजे फ्लायकडे जाणारा निमुळता धागा, आणखी बारीक. अर्ध्या चौकटीच्या रिळात स्पूलची कड चौकटीवर टोपणासारखी बसते आणि मध्ये केसभर फट असते. वाऱ्यात लाईन सैल पडली की बरोब्बर त्या फटीतून आत शिरते आणि स्पूलच्या मागे दांड्याला गुंडाळी मारून बसते. मी एकदा बारा हजार फुटांवर तळ्याकाठी, गारा पडत असताना, दातांनी रीळ उघडलंय. तुम्ही असं करू नका. फुल फ्रेम बघा, म्हणजे चौकटीचे दांडे स्पूलच्या चारी बाजूंनी येतात आणि लाईन आतून बाहेर येते, तिला पळवाट नसते. बऱ्याच फुल फ्रेममध्ये आबांची उघडी कड मिळत नाही, हेही खरं. दोन्ही असलेली आहेत, शोधावी लागतात.

---

कोरडा_पाय | १० मार्च, रात्री ११.०२

मनवाताई, फटीचं वाचून हसू आलं आणि रडूही. माझ्या पाच-वेटवर हे दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा मी स्वतःला दोष दिला होता. रॉड साडेसात फुटीच.

आणखी एक शंका. लार्ज आर्बर खरंच लागतो का?

---

बेथलेहेमचे_आबा | ११ मार्च, सकाळी ६.०५

आर्बर म्हणजे स्पूलच्या मधला कणा. तो जाड असेल तर एका फेऱ्यात जास्त लाईन आत येते, हा दावा. हिशोब करू. जुन्या बारीक कण्याच्या रिळावर वरच्या वेटोळ्याचा व्यास सरासरी अडीच इंच धरा. एका फेऱ्याला पावणेआठ इंच. तीस फूट लाईन गुंडाळायला सेहेचाळीस फेरे. जाड कण्याचा व्यास तीन इंच धरा, एका फेऱ्याला साडेनऊच्या आत-बाहेर, म्हणजे अडतीस फेरे. आठ फेऱ्यांचा फरक. समुद्रात, जिथे मासा दोनशे यार्ड लाईन घेऊन जातो, तिथे जीव वाचवणारी गोष्ट. तुमच्या ओढ्यात तीस फूट लाईन म्हणजे पुढच्या वळणापलीकडे.

---

मनवा_फोर्ट_कॉलिन्स | ११ मार्च, सकाळी ८.४०

आबा, फेऱ्यांचं ठीक. पण जिलब्यांचं काय? बारीक कण्यावर महिनाभर गुंडाळलेली लाईन थंडीत बाहेर काढली की जिलब्याच पडतात. ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) टाकून बसलोय आणि लाईन पाण्यावर स्प्रिंगसारखी. मला लार्ज नको, पण मध्यम कणा हवाच.

नाहीतर बारीक कण्यावर बॅकिंग जास्त भरा, कणा आपोआप जाड होतो. खालचा सगळा भराव फुकटचा लार्ज आर्बर.

---

बेथलेहेमचे_आबा | ११ मार्च, सकाळी ८.५५

हे मान्य. मी तेच करतो, फक्त कबूल करत नाही.

---

पाणकावळा_गोंय | ११ मार्च, दुपारी १२.१५

आमच्याकडे गोव्यात हे सगळं म्हणजे एक गरी, वेळूची काठी आणि पागोळी गळतील तेवढा धीर. रीळ म्हणून कुणाच्या हातात बिअरची रिकामी बाटली असते, दोरी तिलाच गुंडाळतात. मोठा चोणकूल लागला की बाटली हातातून गरगर फिरते, तुमचा तो कणा-बिणा सगळा त्यात आला.

अवांतर: महाराष्ट्रात फ्लायवर काय मिळतं? ट्राउट नसणारच, पाणी गरम.

---

तीर्थनकर | ११ मार्च, दुपारी २.२०

@पाणकावळा: बाटली एकदम पटली, तो सगळ्यात लार्ज आर्बर.

महाराष्ट्रात ट्राउट नाही, पण खडशी आहे, म्हणजे दख्खनचा महसीर. त्याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पुलावर उभं राहून हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटा पॉवरने महसीरची पैदास केली आणि पिल्लं ठिकठिकाणी सोडली. पण त्या माशावर तीन-वेट नेऊ नका. तिथे आबांचा तळहात भाजेल.

---

मनवा_फोर्ट_कॉलिन्स | ११ मार्च, रात्री ९.३०

मूळ विषयाकडे येते. रिळाचा नंबर पाहताना: "२/३" किंवा "३/४" असं लिहिलेलं असतं ते बहुतेकदा डब्ल्यूएफ लाईनसाठी, म्हणजे पुढे जाड आणि मागे बारीक शेपूट असलेली. तुम्ही डबल टेपर घेतलीत तर मधला सगळा भाग जाडच असतो, ती जास्त जागा खाते. तीन-वेटची डबल टेपर घ्यायची असेल तर एक नंबर वरचं रीळ पाहा, नाहीतर बॅकिंग कमी भरा. ओढ्यात पन्नास यार्ड बॅकिंग पुष्कळ झालं, मला तर तेही एकदाच दिसलंय, तेसुद्धा मासा नसताना, झाडात अडकलं म्हणून.

ओढ्यासाठी मी डबल टेपरच घेते. वीस फुटांत फेकायचं असतं, तिथे दोन्ही सारख्याच. पण एक टोक झिजलं की लाईन उलटी करून दुसरं वापरता येतं. एका पैशात दोन लायनी, हे मराठी माणसाला सांगायला नको.

नवीन घ्यायचं तर रेडिंग्टन झिरो पाहा, क्लिकर, वजनाला फार हलकं. पैसे वाढवता आले तर ऑर्व्हिस बॅटनकिल, त्यातलंही क्लिकरवालं. सीलबंद डिस्क हवी असेल तर लॅमसन लिक्विड. ते ओतीव आहे की कोरीव हे विचारा. ओतीव रीळ दगडावर पडलं की वाकत नाही, तुटतं. माझ्या एका ओतीव रिळाचा पाय, म्हणजे रॉडला बसतो तो भाग, पार्किंगमध्ये पडून तुटला. डोंगरातसुद्धा नाही, पार्किंगमध्ये!

---

बेथलेहेमचे_आबा | १२ मार्च, सकाळी ६.१०

धातूची गोष्ट निघाली म्हणून गप्प बसवत नाही. ओतीव अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन जास्त असतं, साच्यात नीट वाहावं म्हणून. त्यामुळे ते ठिसूळ. कोरीव रीळ अखंड दांड्यातून कापून काढतात, ते आधी वाकतं. वाकलेलं सरळ करता येतं, तुटलेलं नाही. मात्र वाकलेल्या कडेने स्पूल घासायला लागतं, तेव्हा तेही टाळाच.

आणि रिळाला असतात ती भोकं. लोक म्हणतात, वजन कमी करायला. आज तसंच आहे. पण चार्ल्स ऑर्व्हिस यांनी १८७४ मध्ये भोकांच्या रिळाचं पेटंट घेतलं तेव्हा लायनी रेशमाच्या होत्या. ओल्या राहिल्या की कुजायच्या. भोकांतून हवा खेळायची आणि लाईन वाळायची. तरीसुद्धा रात्री घरी आल्यावर ती सोडून खुर्चीच्या पाठीवर पसरावी लागे. आपण उगाच तक्रारी करतो.

---

नानू_चिकित्सक | १२ मार्च, सकाळी ९.००

मी एकही मासा पकडणार नाही, पण हा धागा सोडवत नाही.

---

कोरडा_पाय | २३ मार्च, रात्री ९.४८

ताजी खबर. रीळ घेतलं.

वापरलेली क्लिकर, कोरीव, फुल फ्रेम, पण एका बाजूची कड उघडी. आबा आणि मनवाताई दोघांच्याही अटी पूर्ण. जवळच्या गावातल्या एका म्हाताऱ्याकडून ७० डॉलरला. वजन ९६ ग्रॅम. उरलेल्यातून ५५ ची डबल टेपर लाईन. बॅकिंगला दहा. पंधरा डॉलर शिल्लक, त्याची मुलीला आईस्क्रीम.

आता फजिती ऐका. रीळ उजव्या हाताने गुंडाळण्यासाठी लावलेलं होतं. मी रॉड उजव्या हातात धरतो, मूठ डाव्या हाताने फिरवतो. म्हातारा म्हणाला, खिट्टी उलटी कर, झालं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्पूल काढलं, खिट्टी उचलली आणि तिच्यामागची स्प्रिंग "टिंग" करून उडाली. मी, बायको, मुलगी, तिघंही जमिनीवर पालथे. फ्रिज सरकवला. फ्रिजखाली तीन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं! स्प्रिंग नाही. ती शेवटी माझ्याच स्वेटरच्या बाहीत मिळाली. कानातल्यामुळे रिळाच्या खर्चाबद्दल घरात एक अक्षरही निघालेलं नाही.

मग भरणं. बॅकिंग किती लागेल हे कळण्यासाठी आधी लाईन गुंडाळायची, तिच्यावर कडेपासून पाव इंच खालपर्यंत बॅकिंग, आणि मग सगळं उलटं करायचं, अशी युक्ती वाचली होती. उलटं करायला अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नव्वद फूट लाईन पसरली. मुलगी एका टोकाला, मी दुसऱ्या. शेजारच्या आजींनी खिडकीतून विचारलं, पतंग कुठाय?

---

मनवा_फोर्ट_कॉलिन्स | २३ मार्च, रात्री १०.१०

हाहाहा! पुढच्या वेळी स्पूल पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा, स्प्रिंग पिशवीतच राहते. तोल पाहिलात का?

---

कोरडा_पाय | २३ मार्च, रात्री १०.२१

पाहिला. कॉर्कच्या टोकापासून बोटभर मागे. लाईन बाहेर काढली की बरोब्बर टोकावर.

---

तीर्थनकर | २४ मार्च, सकाळी ११.००

अभिनंदन! मोठा लागला आणि पळाला की कळवा. मी इथेच आहे.

---

कोरडा_पाय | १९ मे, रात्री ११.३५

तीर्थनकर, तुमच्यासाठी खास.

आधी एप्रिलभर रॉथरॉकचे ओढे केले. ब्रुक ट्राउट खूप मिळाले, सगळ्यात मोठा नऊ इंची, रिळाला एकदाही हात लागला नाही. आबा म्हणाले तसंच. पण जंगलातून जाताना रॉड हातात आहे की नाही हे विसरायला होतं, हे वजनाचं सुख मला आधी कुणी सांगून पटलं नसतं.

आज संध्याकाळी स्प्रिंग क्रीक. सध्या तिथे सल्फर निघतात, म्हणजे फिकट पिवळ्या माश्या, दिवेलागणीला पाण्यावर तरंगू लागतात आणि अर्धा तास नदी उकळल्यासारखी दिसते. सोळा नंबरची फ्लाय, सहा-एक्स टिपेट. पलीकडच्या काठाला, मुळाखाली, एक नाक शांतपणे वर येत होतं. चौथ्या फेकीला घेतली.

मी सवयीने लाईन हाताने ओढायला गेलो. तो खाली सुटला. हातातली सैल लाईन बोटांमधून सळसळत गेली आणि मग रीळ बोललं. आबा, तो आवाज! दोन महिने मुलगी घरभर तो काढत फिरते, पण पाण्यावर, अंधार पडताना, तो वेगळाच येतो. पलीकडच्या काठावरच्या माणसाने मान वर केली.

तळहात टेकवला. चुकीच्या जागी टेकवला. मूठ गरगर फिरत होती, ती सणसणीत बोटांच्या पेरांवर बसली. अजून निळं आहे. दुसऱ्यांदा कडेवर टेकवला, खालून, हलकेच, आणि कळलं की जोर किती द्यायचा हे तळहाताला समजतं, सांगावं लागत नाही. तो थांबला. परत पळाला, परत थांबला. जाळीत आला तेव्हा रॉडवरच्या खुणेने पंधरा इंच. ब्राउन, पोटाला लोण्याचा रंग, लाल ठिपके. पाण्यातच गळ काढला, सोडला.

तीर्थनकर, खरं सांगतो. पात्रात मोठा दगड असता, बर्फाचं पाणी असतं, तर तो तुटला असता. डिस्क असती तर पेरं शाबूत राहिली असती हेही खरं.

आता आबांना एक प्रश्न. नदीवरून आल्यापासून क्लिकर जरा खरखरीत वाटतेय. म्हाताऱ्याने कधी वंगण घातलं होतं कोण जाणे. ग्रीस घालू का?

---

तीर्थनकर | २० मे, सकाळी १०.१५

पंधरा इंच, सहा-एक्सवर, क्लिकरवर! मी मागे घेत नाही, पण टोपी काढतो. बोटाला हळद लावा.

---

बेथलेहेमचे_आबा | २० मे, दुपारी १२.०५ (आज उशीर झाला, मीही काल सल्फरवर होतो)

ग्रीस खिट्टीला अजिबात नको. थंडीत घट्ट होतं, खिट्टी दात्यांवरून उडायची थांबते आणि स्पूल मोकाट फिरतं. ग्रीस फक्त मधल्या दांड्याला, तेही बोटाने पुसून राहील तेवढं. आधी स्पूल काढून कोमट पाण्यात धुवा, जुन्या टूथब्रशने दाते घासा. खरखर बहुधा वाळूची असेल. वाळल्यावर खिट्टीला शिवणयंत्राचं तेल, एक थेंब. एकच. आणि हे सगळं करताना मनवा म्हणाल्या तशी पिशवी घ्या.

---

कोरडा_पाय | २० मे, रात्री ८.५०

पिशवी घेतली. दात्यांमध्ये वाळूच होती, आणि एक सल्फरचा पंखही. मुलगी म्हणते, तेल घातल्यापासून आवाज बदलला, आधीचा चांगला होता.

---

बेथलेहेमचे_आबा | २१ मे, सकाळी ६.१५

तिचं बरोबर आहे. दोन-तीनदा वापरलं की परत येईल.